हाताने घडवलेल्या खुर्चीचे मोल कशात असते?

प्रश्न : यंत्रावर कापलेले लाकूड हाताने कापलेल्यापेक्षा अधिक अचूक असते, हे कोणीही मान्य करील. असे असताना हाताने घडवलेल्या लाकडी खुर्च्यांना आजही एवढी प्रतिष्ठा का मिळते? हा केवळ जुन्याविषयीचा जिव्हाळा तर नव्हे?

उत्तर : जिव्हाळ्याचा भाग त्यात आहे, आणि विक्रेते त्याचा पुरेपूर फायदा घेतात. परंतु आपण अचूकतेचा मुद्दा काढला आहे आणि खुर्चीच्या बाबतीत नेमकी तीच गोष्ट फार काळ टिकत नाही, कारण लाकूड कापून झाल्यावरही हलत राहते. हवेतील दमटपणा वाढला की ते फुगते, कमी झाला की आकसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने हा फरक जवळजवळ नसतोच. आडव्या दिशेने मात्र तो चांगलाच जाणवतो, आणि त्यातही वाढीच्या वलयांना समांतर दिशेने तो वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतो. त्यामुळे चांगला सुतार मापापेक्षाही या हालचालीचा हिशेब आधी मांडतो.

18व्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झालेली विंडसर खुर्ची या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिची बैठक म्हणजे एक जाड फळी असते. पाय खालून आणि पाठीच्या काड्या वरून त्या फळीतच रोवलेल्या असतात. बैठकीला एल्म या झाडाचे लाकूड वापरत, कारण त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे काठाजवळ भोके पाडूनही ते सहसा उकलत नाही. पायांना बीच आणि पाठीच्या कमानीला वाकवण्याजोगे ॲश किंवा यू, अशी ही लाकडांची वाटणी होती. इंग्लंडमधल्याच चिल्टर्न टेकड्यांच्या जंगलात बसून कारागीर बीचचे ओंडके फोडत, पायाने चालवायच्या साध्या चरकावर पाय कातत आणि जवळच्या हाय विकम गावातील खुर्च्यांच्या कारखान्यांना पुरवत. यातला ‘फोडत’ हा भाग महत्त्वाचा आहे. करवत तंतूंची पर्वा न करता सरळ रेषेत जाते, तर ओंडका फोडताना चीर तंतूंच्याच वाटेने उतरते. अशा तुकड्यातून काढलेल्या काडीत तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात, आणि म्हणून ती बारीक असूनही पाठीच्या भाराने लवते, मोडत नाही.

सांध्यांतही हीच जाण दिसते. ओल्या लाकडात काम करणारे अनेक कारागीर कुसू, म्हणजे भोकात बसणारे टोक, कडकडीत सुकवतात आणि ज्या भागात ते बसवायचे तो किंचित ओलसर ठेवतात. पुढे कुसू ओल घेऊन फुगते, भोवतालचे लाकूड सुकताना आकसते आणि सांधा आवळला जातो. बैठकीच्या आरपार गेलेल्या कुसवात वरून पाचर ठोकतात, तीही बैठकीच्या तंतूंना आडवी, कारण तंतूंच्या दिशेने ठोकली तर फळीच उकलेल. असे निर्णय हातातला तुकडा पाहूनच घ्यावे लागतात. यंत्राला ते अशक्य आहेत असे नव्हे. पण भरमसाट उत्पादनात प्रत्येक तुकड्याकडे पाहण्याइतकी सवड सहसा ठेवलेली नसते.

प्रश्न : खुर्ची ही वस्तू मुळात किती जुनी आहे?

उत्तर : इजिप्तच्या खुफू राजाची आई हेतेफेरेस हिचे सामान गिझा येथे 1925 मध्ये सापडले, त्यात हात टेकण्याची सोय असलेली एक खुर्ची होती. साडेचार हजार वर्षांत लाकूड कुजून गेले होते, पण त्यावरील सोन्याचे पत्रे राहिल्यामुळे तिची पुनर्रचना करता आली. अथेन्समधील हेगेसोच्या स्मृतिशिळेवर, इसवी सनापूर्वीच्या 5व्या शतकाच्या अखेरीस, बाकदार पायांची ग्रीक खुर्ची कोरलेली आहे आणि तिची रेषा आजच्या कोणत्याही दालनात शोभावी अशी आहे.

प्रश्न : फर्निचर बनवणारे टोनेट यांची वाकवलेल्या लाकडाची 14 क्रमांकाची खुर्ची कारखान्यात तयार होत असे, तरीही जाणकार तिला श्रेष्ठ मानतात. मग हातकामाचा आग्रह कशाला?

उत्तर : आग्रह हाताचा नसावा, लाकूड ओळखण्याचा असावा, असे माझे मत आहे. मिखाएल टोनेट यांनी 1859 मध्ये आणलेल्या या खुर्चीत वाफेने मऊ केलेला बीच वाकवताना बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी बांधत. लाकूड दाब बऱ्यापैकी सोसते पण ताण देताच चिरते, म्हणून पट्टीमुळे बाहेरची बाजू ताणली न जाता आतली बाजू दबत असे. सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर ती जोडली जाई आणि एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या भागांच्या 36 खुर्च्या मावत. 1949 मध्ये डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी रेखाटलेल्या ‘विशबोन’ खुर्चीचे भाग यंत्रावर घडतात, पण सुमारे 120 मीटर कागदी दोरीची बैठक आजही हातानेच विणतात. ‘हस्तनिर्मित’ अशी चिठ्ठी पाहून पैसे मोजण्यापेक्षा मागच्या बाकदार पायातले तंतू वळणाबरोबर जातात की मध्येच तुटतात, हे पाहावे.

प्रश्न : जुन्या खुर्चीचे खरे हातकाम कसे ओळखावे, आणि ती डगमगू लागली तर खिळे मारावेत का?

उत्तर : खुर्ची उलटी करून पाहावी. बैठकीच्या खालच्या बाजूला रंध्याच्या उथळ खाचा आणि सांध्यांजवळ आखणीच्या बारीक रेघा बहुधा तशाच सोडलेल्या असतात. कातलेल्या पायाचा व्यास दोन दिशांनी मोजला तर थोडा फरक येतो, कारण लाकूड सगळीकडे सारखे आकसत नाही.

खिळे मात्र मारू नयेत. खिळ्याने कुसू चिरते आणि सैल सांधा कायमचा बिघडतो. पूर्वीचे सुतार प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. तो उष्णतेने व ओलाव्याने सुटतो, त्यामुळे सांधा उकलून, जुना सरस खरवडून पुन्हा नव्याने जोडता येतो. इपॉक्सी हा कृत्रिम गोंद वापरल्यास पुढच्या दुरुस्तीला सांधा उकलणे फार अवघड होते.