सफान ताक्सिनजवळ घर बघतेयस, तर

तुम्ही ठाण्याला असता, नवऱ्याची बदली बँकॉकला, सिलोम भागातल्या ऑफिसात झालीय, नदीकाठी चरेन क्रुंग रस्त्याला, स्कायट्रेनच्या सफान ताक्सिन स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर पाहिलंय, मुलगी सहा वर्षांची आहे. परिसर कसा आहे, शाळेचं काय करावं, आणि ताई, तिथे करमतं का? एवढंच विचारलंस तू. वाचून दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतेय, चालवून घे. व्हिसाचे प्रकार, फी, कोणता फॉर्म कुठे भरायचा, ते सगळं दूतावासाच्या साइटवर आहे. मी दुसरंच सांगते.

आम्ही २०११ च्या जूनमध्ये नाशिकहून आलो. मुलगा तेव्हा सहाचाच होता. नवरा रंगीत खड्यांच्या व्यापारात. माणिक-नीलमचा धंदा सगळा सिलोम, महेसाक, सुरावोंग याच भागात. घर मात्र आम्ही नदीपलीकडे ख्लोंग सानला घेतलं, तुझ्या बाजूपेक्षा तेव्हा तिथे भाडं कमी होतं म्हणून. म्हणजे चौदा वर्षं मी तुझ्या घराकडे पलीकडच्या काठावरून बघतेय.

थाई भाषेत नदीला 'मे नाम' म्हणतात. मे म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी. गोदेकाठी वाढलेल्या बाईला हे पहिल्या आठवड्यात कळलं आणि फार आधार वाटला. घर घेण्याआधी एकदा सकाळी सात वाजता साथोर्न धक्क्यावर जाऊन उभी राहा. नारिंगी झेंड्याची बोट येते. तिच्या मागच्या टोकाला एक माणूस दोर हातात धरून उभा असतो आणि तोंडाने शिट्ट्या वाजवतो. लहान, लांब, परत लहान. चालकाला मागचं दिसत नाही, त्या शिट्ट्यांवर तो बोट धक्क्याला लावतो. टायर दबतात, तरंगता धक्का हलतो, आणि दहा सेकंदांत माणसं उतरतात, चढतात, बोट सुटते. मुलीचा हात घट्ट धर. पहिले काही महिने मी रोज घाबरायचे. आता शिट्टी ऐकून घरातूनच सांगते, बोट आली की निघाली.

तुझ्या घराच्या अगदी शेजारी वात यानावा आहे, वात म्हणजे देऊळ. तिसरा राम नावाच्या इथल्या राजाने तिथला स्तूप चिनी गलबताच्या आकाराचा बांधून घेतला, कारण तशी गलबतं दिसेनाशी होत चालली होती आणि ती कशी होती हे पुढच्या लोकांना कळावं अशी त्याची इच्छा होती. तुझा रस्ता १८६४ चा. त्याआधी इथे कालवेच होते. घोड्यावरून फिरायला जागा नाही, तब्येती बिघडतात, अशी गोऱ्या वकिलातींची तक्रार होती, म्हणून चौथ्या रामाने तो करवला. त्याच रस्त्याच्या गल्ल्यांत लाल विटांचं असम्प्शन कॅथीड्रल, हारून मशीद आणि कस्टमची जुनी इमारत एकमेकांपासून चार-पाच मिनिटांवर आहेत. सिलोमवर तमिळ लोकांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे, लोक त्याला वात खेक म्हणतात. 'खेक' हा शब्द तुला रोज ऐकू येईल. त्याचा अर्थ पाहुणा, आणि आपल्यासारख्यांना सगळे तेच म्हणतात. मला पहिली दोन वर्षं तो टोचायचा.

तलात नोईला मुलीला जरूर ने. गाड्यांच्या जुन्या इंजिनांचे ढीग फुटपाथवर आणि त्यांच्यामध्ये चिनी देवळं. इकडे ख्लोंग सानला गुजराती बोहरा व्यापाऱ्यांची पांढरी मशीद आहे, तुएक खाओ. तिथून चालत गेलीस तर कुडी चीन लागेल. इथली जुनी राजधानी आयुथया पडल्यावर राजा ताक्सिनने पोर्तुगीजांना तिथे जागा दिली, त्यांचं सांता क्रूझ चर्च अजून आहे. अंडं चालत असेल तर तिथला केक मुलीला आवडेल. झेंडूची फुलं पाक ख्लोंग तलातला रात्रीसुद्धा मिळतात, दसऱ्याला आम्ही तिथूनच आणतो.

जेवणाचं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. 'जे' हा एक शब्द पाठ कर. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात असतो. जे म्हटलं की मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. नुसतं भाजी-भाजी म्हटलंस तर वरून नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडतंच. ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस सगळा चिनी भाग जे खातो, आणि बहुतेक वर्षी ते आपल्या नवरात्राचेच दिवस असतात. घरी घट बसलेले आणि खाली गल्लीत पिवळे झेंडे. पहिल्या वर्षी मी ते बघून रडले होते.

कागदपत्रांचं एकच सांगते. ठाण्यातून निघायच्या आधी सगळ्या कागदांवरची नावं जुळवून घे. माझ्या लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाची जागाच कोरी, कारण बारसं व्हायच्या आधीच दाखला काढलेला. इथल्या एका भाषांतरवाल्याने माझं नाव थाई अक्षरांत एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळंच लिहिलं. माझ्याच नवऱ्याची मी बायको आहे हे सिद्ध करायला तीन फेऱ्या झाल्या, मुलाला कडेवर घेऊन. वर घरमालकिणीने आमच्या राहण्याची नोंद वेळेत केली नव्हती, आणि ते आम्हाला कळलं व्हिसाच्या मुदतवाढीला गेल्यावर. तू घर ठरवतानाच मालकाला विचार, टीएम तीस, म्हणजे त्या नोंदीचा फॉर्म, भरणार ना, आणि पावतीचा फोटो मागून घे. लाजू नकोस. नवऱ्याच्या व्हिसावर आलीस की सहसा तुला नोकरी करता येत नाही, हे वाचलं असशीलच. मी नाशिकला शाळेत शिकवायचे. वाचणं वेगळं आणि सकाळी नऊला दोघं बाहेर पडल्यावर घरात उभं राहणं वेगळं.

करमतं. सुरुवातीला नाही करमत, मग करमतं. आमच्या पहिल्याच ऑक्टोबरात महापूर आला, दुकानांतलं बाटलीचं पाणी संपलं. शेजारची पा, म्हणजे मावशी म्हण, सहा बाटल्या दारात ठेवून गेली. तेव्हा मला थाईत 'धन्यवाद'पलीकडे काही येत नव्हतं. इथेही आपल्यासारखंच, वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. पी म्हणजे ताई-दादा, नोंग म्हणजे धाकटा. ते चार शब्द शिकलीस की गल्ली तुझी. यावर जास्त लिहीत नाही.

आता शाळा. यासाठीच खरं तर लिहायला बसले.

आम्ही मुलाला एका आंतरराष्ट्रीय शाळेत घातलं. प्रवेशाच्या मुलाखतीला बाईंनी त्याला इंग्रजीत तीन-चार प्रश्न विचारले. तो गप्प बसला. घरी दिवसभर बडबड करणारा मुलगा, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. फॉर्मवर 'घरी बोलली जाणारी भाषा' या रकान्यात आम्ही मराठी लिहिलं होतं. बाईंनी त्यावर पेन टेकवला आणि म्हणाल्या, याला वर्षभर इंग्रजीच्या जादा वर्गात बसवावं लागेल, त्याची फी वेगळी, आणि तुम्ही घरी इंग्रजीच बोला, त्याला लवकर जमेल. मी स्वतः शिक्षिका. दोन भाषा एकत्र वाढलेली कितीतरी मुलं मी वर्गात पाहिलेली. तो लाजतोय, त्याला अर्धा तास द्या, एवढं म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली. नवरा पैशांचा हिशोब करत होता, त्याला दोष देत नाही. भाषा माझं काम होतं.

आणि आम्ही ते केलंही. चार महिन्यांत जादा वर्ग सुटला, सगळे खूश. घरी मात्र इंग्रजीच राहिलं. गल्लीत त्याची थाई झाली, सुंदर झाली, शेजारच्या त्या पाबरोबर तो तासभर गप्पा मारतो. आता कॉलेजसाठी चियांग माईला असतो. मागच्या मे महिन्यात नाशिकला गेलो होतो. माझ्या सासूबाई पंच्याऐंशीच्या. पडवीत दोघं शेजारी बसलेली. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन विचारलं, 'तिकडं रात्री निजताना भीती नाही ना रे वाटत, एकटा असतोस?' शब्द त्याला एकेक कळले असतील. त्याने माझ्याकडे बघितलं, मी इंग्रजीत सांगावं म्हणून. सासूबाईंनीही माझ्याकडे बघितलं. मग त्या हात न सोडता नुसत्या बसून राहिल्या.

म्हणून तुला सांगते, शाळा कोणतीही घे. भारतीय अभ्यासक्रमाची घे, ब्रिटिश घे, खिशाला परवडेल ती घे, बोटीने आणि स्कायट्रेनने मिळून पाऊण तासाच्या आत पोचता येईल एवढं बघ, कारण पावसात रस्ते तुंबतात. पण मुलाखतीला जाशील तेव्हा कुणी म्हणालं की घरी मराठी बंद करा, तर नाही म्हण. तिथल्या तिथे, त्याच खुर्चीत बसून. नंतर म्हणू असं ठरवलंस तर राहून जातं.

येशील तेव्हा सी फ्रायाच्या धक्क्यावरून पलीकडची बोट धर, ख्लोंग सानला उतर, मी घ्यायला येते. येताना नाशिकहून मी बालभारतीची पहिली आणि दुसरीची पुस्तकं आणली होती, खाकी कव्हरं घालून. कपाटात आहेत, कोरी. त्यांच्यावर नाव घातलेलं नाही. तुझ्या मुलीला घेऊन जा.