मित्रदेशाला मूठभर अणुइंधन पाठवायचं, तर अमेरिका एवढी चौकशी का करते?

तुम्ही विचारलंय की बेल्जियम, नेदरलँड्ससारख्या मित्रदेशांच्या संशोधन अणुभट्ट्यांना काही किलो इंधन द्यायला अमेरिकी सरकार एवढे कागद का रंगवतं, आणि त्यात औषधं अडकली तर रुग्णांनी काय करायचं. मुंबईतल्या एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन तपासणी करणाऱ्या विभागाचा, तंत्रज्ञ म्हणून माझी सारी नोकरी झाली. त्यामुळे दुसऱ्या भागाबद्दल मला जरा जास्त बोलता येईल.

आधी पहिला भाग. किलो थोडे असतात, पण माल कुठला ते बघा. तारापूरसारख्या वीजभट्टीच्या इंधनात युरेनियम-235, म्हणजे अणू फुटून ऊर्जा देणारं युरेनियम, दोन-तीन टक्के असतं, त्याचा बॉम्ब होत नाही. जुन्या संशोधन भट्ट्या मात्र नव्वद टक्क्यांच्या पुढच्या मालावर चालायच्या. अशा मालातलं 25 किलो युरेनियम-235 म्हणजे एक बॉम्ब, असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा हिशेब आहे. रेघ 20 टक्क्यांवर मारलेली आहे: खालचं ते ‘कमी समृद्ध’, वरचं ते ‘उच्च समृद्ध’. तिच्या वर गेलात की चौकशी वाढते.

अमेरिकेत निर्यातीचा परवाना तिथला अणु नियामक आयोग देतो. 1992 च्या कायद्याने त्याला तीन गोष्टी तपासायला लावल्या. या भट्टीत कमी समृद्ध इंधन खरंच चालत नाही ना? चालू लागलं की तेच वापरू, असं घेणाऱ्याने लिहून दिलंय का? आणि त्या भट्टीसाठी तसं इंधन बनवायचं काम अमेरिकेत चालू आहे का? माझ्या मते सगळी गंमत या दुसऱ्या प्रश्नात आहे. नुसतं ‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. अटीवर ‘हो’ म्हटलं की त्याला घरची चूल बदलावी लागते.

‘नाही’चं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. तारापूर वीजभट्टी आहे, म्हणजे तुमच्या प्रश्नात बसत नाही, पण सांगतो. पोखरणनंतर अमेरिकेने 1978 मध्ये कायदा कडक केला आणि 1980 मध्ये याच आयोगाने तारापूरचं इंधन नाकारलं. राष्ट्राध्यक्ष कार्टरनी तो निर्णय फिरवला, सिनेटमध्ये 48 विरुद्ध 46 अशा काठावरच्या मतांनी माल सुटला. तरी कटकट संपली नाहीच. शेवटी 1982 मध्ये फ्रान्सशी ठरलं, पुढे चीनचा माल आला, मग रशियाचा. भट्ट्या काही बंद पडल्या नाहीत.

चूल बदलता येते हे तुर्भ्यात, म्हणजे ट्रॉम्बेला, दिसतं. 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झालेली अप्सरा ही संशोधन भट्टी ब्रिटनहून आलेल्या उच्च समृद्ध युरेनियमवर चालायची. ती 2009 मध्ये थांबवली. 2018 मध्ये तिथेच नवी अप्सरा उभी राहिली, कमी समृद्ध इंधनावर, आणि ताकद एक मेगावॅटची दोन झाली. ‘कमी समृद्ध म्हणजे कमी कामाचं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता रुग्णांचं. संशोधन भट्ट्यांत युरेनियमपासून मॉलिब्डेनम-99 काढतात, आणि त्यातून स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सारी टेक्नेशियम मिळतं. मॉलिब्डेनम-99 चं अर्धायुष्य 66 तास, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं होतं. आमच्याकडे जनरेटर, म्हणजे हे मॉलिब्डेनम भरलेलं उपकरण, यायचा तो शिशाच्या जाड भांड्यात. सकाळी एका टोकाला सलाईनची कुपी लावायची, दुसऱ्या टोकाला निर्वात कुपी, आणि साध्या पाण्यासारखं दिसणारं टेक्नेशियम खाली उतरायचं. सोमवारी जे मिळायचं, त्याचा शुक्रवारपर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा उरायचा. असा माल साठवून ठेवता येत नाही. म्हणूनच उत्पादकांनी ओरड केली आणि 2005 मध्ये अमेरिकेने औषधी समस्थानिकांसाठी, म्हणजे मॉलिब्डेनमसारख्या किरणोत्सारी मालासाठी, पाच देशांना 1992 च्या अटींतून सूट दिली. मला ती सूट तेव्हाही पटली नव्हती. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाने कमी समृद्ध युरेनियमवर तोच माल काढून दाखवला. पुढे 2013 मध्ये औषधांसाठीची उच्च समृद्ध युरेनियमची निर्यात टप्प्याटप्प्याने थांबवायचा कायदा आला आणि 2022 मध्ये ती दारं बंदही झाली.

आणि तुटवडा म्हणाल, तर 2009-10 चा मी भोगलाय. बोन स्कॅनच्या यादीतली नावं खोडून, लोकांना फोन करून पुढची तारीख द्यायचं काम माझ्याकडे होतं. एक आजोबा तर कर्जतहून पहिली लोकल पकडून येऊन बसले होते, फोन त्यांना मिळालाच नव्हता. पण तेव्हा कुठला परवाना अडला नव्हता. कॅनडातल्या पन्नाशी उलटलेल्या भट्टीचं भांडं गळायला लागलं होतं.