एक लॅपटॉप, दोन बैठका

या महिन्यात आलेल्या पत्रांत घरी आणि फिरतीवर, दोन्हीकडे काम करणाऱ्यांचे प्रश्न सर्वाधिक आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे, कारण त्यातला बराच भाग इतरांनाही लागू पडेल.

प्रश्न: पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. आठवड्यातले तीन दिवस साताऱ्यातून घरून काम आणि दोन दिवस एसटीने पुणे. कंपनी यंत्रासाठी ९० हजार देणार आहे. घरी डेस्कटॉप आणि प्रवासाला हलका लॅपटॉप असे दोन घ्यावेत, की सगळे पैसे घालून एकच भारी लॅपटॉप?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर: एकच लॅपटॉप घ्या, पण सगळे पैसे त्यात घालू नका. दोन यंत्रं झाली की प्रत्येक सॉफ्टवेअर दोनदा बसवायचं, दोनदा अपडेट करायचं, आणि नेमकी हवी ती फाइल दुसऱ्या यंत्रात राहिलेली असते. साठ हजारांच्या आसपास लॅपटॉप बसवा आणि उरलेले तीस घरच्या बैठकीवर, म्हणजे टेबल, खुर्ची आणि मॉनिटरवर, खर्च करा. तीन दिवस आठ-आठ तास त्या बैठकीवर जाणार आहेत.

लॅपटॉप १४ इंची, दीड किलोच्या आतला. १५.६ इंची घेतलात तर एसटीच्या सीटमध्ये, पुढच्याने पाठ मागे केली की, झाकण पूर्ण उघडत नाही. रॅम १६ जीबीच्या खाली नको. कोडिंगसोबत व्हिडिओ मीटिंग आणि वीस-पंचवीस टॅब उघडे असले की ८ जीबी भरून जाते आणि यंत्र रॅमचं काम एसएसडीवर (फाइली साठवण्याच्या जागेवर) ढकलत रखडत राहतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेकदा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून ‘रॅमचा स्लॉट मोकळा आहे का?’ हे किंमत विचारण्याआधी विचारा. एसएसडी ५१२ जीबी पुरेल.

बॅटरीच्या बाबतीत जाहिरातीतले ‘१५ तास’ सोडून द्या आणि वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा, आकडा पाहा. हलक्या कामाला असा लॅपटॉप साधारण ७-८ वॉट खातो, व्हिडिओ मीटिंगमध्ये १२ ते १५. म्हणजे ६० वॉट-अवरची बॅटरी लिखाणाला सात तास आणि मीटिंगला चार तास धरा. ४० वॉट-अवरवाल्याला पुण्यात दुपारीच प्लग शोधावा लागेल.

आता सर्वांत जास्त फसगत होते ती जागा: टाइप-सी पोर्ट. तीच गोल कडांची खाच असली तरी प्रत्येक पोर्टमधून चार्जिंग होतंच असं नाही, आणि पडद्याला चित्र जातंच असंही नाही. काही स्वस्त मॉडेलांत ती फक्त डेटासाठी असते. तुम्हाला दोन्ही हवं. पोर्ट दोन्ही करत असेल आणि मॉनिटर टाइप-सीचा, ६५ वॉट देणारा असेल, तर घरी आल्यावर एकच केबल लावायची: पडदा, चार्जिंग, कीबोर्ड, माऊस सगळं तिच्यावर चालतं. असा मॉनिटर महाग पडत असेल तर साधा एचडीएमआयवाला २४ इंची घ्या, फक्त रोज दोन केबली लावाव्या लागतील. २७ इंची घ्यायचा मोह झाला तर तो २५६० बाय १४४० पिक्सेलचाच घ्या. १९२० बाय १०८० त्या आकारावर पसरट दिसतं आणि अक्षरांच्या कडा डोळ्यांना खुपतात.

केबलसुद्धा नीट बघून घ्या. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॉटपर्यंत. त्याहून जास्त वीज न्यायची तर ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. ‘चार्जर ६५ चा आहे तरी हळू चार्ज होतो’ या तक्रारीमागे बरेचदा केबलच असते. आणि चार्जर दोन ठेवा: एक टेबलाला कायम लावलेला, एक बॅगेतच राहणारा. सोमवारी पहाटे चार्जर घरी विसरणं यानेच थांबतं.

टेबल ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच, मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. लॅपटॉप स्टँडवर ठेवलात तर वेगळा कीबोर्ड-माऊस हवाच, नाहीतर खांदे वर चढतात. खुर्चीसाठी आठ हजार बाजूला काढा. खुर्चीवर पैसे वाचवून प्रोसेसर एक पायरी वरचा घेणं आम्हाला पटत नाही. प्रोसेसरचा फरक दिवसाला काही मिनिटांचा, कंबरेचा दिवसभराचा.

इंटरनेटसाठी घरी फायबर आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम. बसमध्ये वाय-फाय हॉटस्पॉटऐवजी फोन केबलने जोडा, जोडणी टिकून राहते आणि फोनही चार्ज होतो. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी डेटा जातो. मात्र मीटिंग खंबाटकी घाटाच्या वेळेत ठेवू नका: घाट असो की बोगदा, रेंज दोन्हीकडे दगा देते.

प्रश्न: कर सल्लागार आहे. विश्रामबागला ऑफिस, पण तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांकडे आणि विट्याला जाऊन टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) बघावं लागतं. मॅकबुक घ्यायचा विचार आहे, बॅटरी चांगली म्हणतात. घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नका घेऊ. बॅटरी उत्तमच आहे, पण टॅली विंडोजवर चालतं, मॅकसाठी ते नाही. मॅकमध्ये विंडोज आभासी पद्धतीने चालवता येतं, पण मार्चअखेरीच्या गर्दीत आणखी एक दुखणं कशाला ओढवून घ्यायचं? विंडोजचाच हलका लॅपटॉप घ्या.

डिजिटल सहीच्या टोकनकडे लक्ष द्या. ते जुन्या, चपट्या चौकोनी यूएसबीचं असतं आणि काही नव्या लॅपटॉपना फक्त टाइप-सी पोर्ट असतात. त्यामुळे एक तरी जुना यूएसबी पोर्ट असलेलं मॉडेल निवडा, नाहीतर छोटा हब घेऊन तो टोकनच्याच डबीत ठेवा. नव्या यंत्रावर टोकनचा ड्रायव्हर आधी बसवून एक सही करून पाहा. रिटर्नच्या शेवटच्या रात्री तो शोधत बसू नका.

बॅकअपबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण दुसऱ्यांचे हिशेब तुमच्याकडे आहेत म्हणून सांगतो. लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवलेला पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, बॅग गेली की दोन्ही गेलं. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावर ऑफिस असेल तर एक हार्ड डिस्क नदीपासून लांब, नातेवाइकांकडे वरच्या मजल्यावर ठेवा आणि दर शनिवारी बदला. टॅलीचा चालू डेटा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅली उघडं असताना फाइली वरखाली होत राहिल्या तर डेटा बिघडतो. टॅलीतूनच बॅकअप काढा आणि ती बॅकअपची फाइल ड्राइव्हवर चढवा.

प्रश्न: घरी इन्व्हर्टर आहे, तरी वीज गेली की डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. पंखे-दिवे मात्र चालू राहतात. इन्व्हर्टर खराब आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: बहुधा खराब नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला काही क्षण घेतो. पंख्याला ते कळत नाही, डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय मात्र तेवढ्यात बंद पडतो. तुमच्या इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘इन्व्हर्टर’ असा खटका आहे का पाहा, बऱ्याच जणांचा तो मागच्या बाजूला असतो. यूपीएसवर ठेवलात की बदल सुमारे १० मिलिसेकंदांत होतो आणि बहुतेक डेस्कटॉप तेवढं सोसतात.

तरी बंद पडत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे झटक्याने वरखाली होणारी वीज देणारा, आहे का तपासा. नव्या पॉवर सप्लायना तशी वीज मानवत नाही, त्यांना प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर, लागते. तेही शक्य नसेल तर फक्त संगणक आणि मॉनिटरसाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या. त्यावर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरे. लेझर प्रिंटर त्याला लावू नका, कागद तापवताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस आडवा होतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते.

राउटर आणि फायबरचा डबा हे दोन्ही बॅटरीवर असू द्या. लोक राउटरला मिनी यूपीएस लावतात आणि शेजारचा डबा विसरतात. घेताना दोन्हींच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट-अँपिअरचा आकडा वाचून घ्या, बहुतेकदा १२ व्होल्ट असतो.

प्रश्न: कोयना एक्स्प्रेसने मुंबईला जातो. गाडीतल्या सॉकेटवर लॅपटॉप लावला तर बिघडेल का? पॉवर बँक किती क्षमतेची घ्यावी?
– एक वाचक, कराड

उत्तर: चार्जरवर ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर चालेल. काही डब्यांत ११० व्होल्टच असतात, पण असा चार्जर ते सांभाळतो. अडचण सैल सॉकेटची असते: प्लग लोंबकळत राहिला तर ठिणगी उडते, लगेच काढा.

पॉवर बँक २०,००० एमएएचची पुरे. ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॉट-अवर होतात, रूपांतरातली घट वजा जाता साठेक मिळतात, म्हणजे लॅपटॉपचं एक पूर्ण चार्जिंग. पण टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) पोर्टमधून ४५ ते ६५ वॉट बाहेर देणारीच घ्या. २०-२२ वॉटवाल्या पॉवर बँका फोनच्या. कधी कोल्हापूरहून विमानाने जाणार असाल तर १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, फक्त हातातल्या बॅगेत.

प्रश्न: सातव्या पिढीचा आय-५, विंडोज १० असलेला लॅपटॉप आहे. तसा ठीक चालतो. बदलायलाच हवा का?
– एक वाचक, वाई

उत्तर: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमचा त्यात बसत नाही. बँकेचं किंवा कंपनीचं काम त्यावर करू नका. ब्राउझरपुरतं वापरायचं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका, जुन्या यंत्रावर ते छान चालतं. बदली म्हणून जुना लॅपटॉप विकत घेणार असाल तर बॅटरी रिपोर्ट काढून घ्या आणि मूळ क्षमता व आत्ताची क्षमता शेजारी ठेवा. आत्ताची ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.

प्रश्न: मेढ्याहून दुचाकीने साताऱ्याला येते. पावसाळ्यात बॅगेवर रेनकव्हर असूनही लॅपटॉप ओला झाला. काय करावं?
– एक वाचक, मेढा

उत्तर: रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि पाणी तिथूनच पाठीवरून ओघळत आत शिरतं. लॅपटॉप आधी जाड झिपच्या प्लास्टिक पिशवीत, मग स्लीव्हमध्ये, मग बॅगेत. पोहोचल्यावर पिशवीतून लगेच बाहेर काढा, आत दमट हवा कोंडून ठेवू नका.

आता तो ओला झालाच आहे तर चालू करून बघू नका आणि चार्जर तर अजिबात लावू नका. पाण्याने बिघडतं त्याहून जास्त ओल्या बोर्डात वीज गेल्याने बिघडतं. बंद करून, झाकण उघडून तंबूसारखा उलटा ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे बोर्ड उघडून साफ करायला द्या. तांदळात पुरल्याने आतलं पाणी निघत नाही, वर पोर्टमध्ये भुसा जातो.