जुळे सोलापूर, माशांची दोन फुटी टाकी, ३० वॉटचा फ्लडलाइट: दिवा नीट कसा बसवायचा

तुमचं वर्णन असं: टाकी २४ × १२ × १५ इंची, वर लाकडी हूड, हूडच्या आत पाण्यापासून चार इंचांवर ३० वॉटचा एलईडी फ्लडलाइट, सकाळी आठ ते रात्री आठ चालू. झाडं वॅलिसनेरिया, अनुबियास, जावा फर्न, मासे गप्पी आणि मॉली, सीओटू (झाडांसाठी वेगळा कार्बन डायऑक्साइड वायू) नाही. पाणी हिरवं पडलंय, झाडं वाढत नाहीत, म्हणून ५० वॉटचा दिवा लावू का, हा प्रश्न.

लावू नका. ३०चाच जास्त होतोय.

हिशेब बघा. टाकी मापाने ७० लिटरची, पण वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी ५० लिटरच्या आसपास. साधा एलईडी वॉटमागे ९० ते १०० ल्युमेन (दिव्याचा उजेड मोजायचं एकक) देतो, म्हणजे तुमचा दिवा २७०० ते ३००० ल्युमेनचा. लिटरमागे ५५-६० ल्युमेन झाले, तेही चार इंचांवरून आणि बारा तास. सीओटू न देता वाढणाऱ्या अनुबियास-जावा फर्नसारख्या झाडांना लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन पुरतात. पाण्यात कार्बन जेवढा मिळतो तेवढाच प्रकाश झाड वापरू शकतं. उरलेल्यावर पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ पोसलं जातं. तुमचं हिरवं पाणी म्हणजे तेच. वॅलिसनेरिया त्यातल्या त्यात बरी चालेल, कारण जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ती कार्बन घेऊ शकते आणि आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा जडच. अनुबियास मुळातच सुस्त झाड. नवं पान यायला आठवडे लागतात, तिला कितीही उजेड दाखवा. तिचा जाड आडवा कंद वाळूत पुरला असेल तर आधी वर काढा. पुरलेला कंद सडतो आणि दोष दिव्यावर जातो.

आता दिवा. ३० वॉटचा गेटवर लावा, तिथे तो शोभेल. टाकीसाठी १० वॉटचे दोन फ्लडलाइट घ्या, ६५०० केल्विन (पांढऱ्या उजेडाचे), आयपी६५ (पाण्याचे फवारे सोसणारे), ॲल्युमिनियम बॉडीचे. एकाऐवजी दोन अशासाठी की एकच दिवा मधोमध असला की खाली झगझगाट आणि कोपरे काळोखात. दोन्ही काठांपासून सहा-सहा इंच आत आणि मध्यापेक्षा थोडे पुढच्या काचेकडे धरा, म्हणजे माशांची समोरची बाजू उजळते. उंची पाण्यापासून १२ इंच. या दिव्यांचा उजेड साधारण १२० अंशांत पसरतो, त्यामुळे बारा इंचांवरून निम्म्याहून कमी प्रकाश टाकीत पडतो, बाकीचा खोलीत जातो. म्हणून २० वॉट ऐकायला जास्त वाटले तरी पाण्यात पोचणारा प्रकाश हवा तेवढाच असतो. तोंडावर उजेड येत असेल तर पुढून काळ्या फोमशीटची तीन इंची पट्टी लावा.

दोन फुटी १० वॉटची एलईडी पट्टी हा स्वस्त पर्याय आहे आणि उजेड एकसारखा देते. पण ती पाण्याच्या वाफेसाठी बनवलेली नसते. टोकांचे कनेक्टर हिरवे पडतात आणि ती लुकलुकायला लागते. लावायचीच तर खाली काचेचं झाकण हवं आणि पट्टी काचेपासून दोन-तीन इंच वर. जड पाण्याच्या शिंतोड्यांनी त्या काचेवर पांढरा थर धरतो. स्वच्छ काचसुद्धा आठ टक्क्यांच्या आसपास प्रकाश खाते, थर असला तर कितीतरी जास्त. आठवड्याला व्हिनेगर किंवा लिंबाने पुसा आणि धुऊन मगच परत ठेवा.

लाकडी हूड काढाच. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते. बंद पेटीत ती ड्रायव्हरच्या, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटच्या, कपॅसिटरला भाजते आणि दिवा वर्षभरात जातो. शिवाय एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या वर असताना टाकीचं पाणी ३२ पर्यंत सहज जातं. २५ अंशांना लिटरभर पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७ च्या आसपास. वरून उघडी टाकी आणि पृष्ठभागावर तिरका वारा टाकणारा छोटा पंखा, एवढ्याने आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र भराभर आटतं. नळ रोज येत नाही, तेव्हा ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवलेलं पाणी कायम हाताशी असू द्या. उडी मारणाऱ्या गप्पींसाठी वर बारीक जाळी.

टांगायला भिंतीत दोन एल अँगल ठोका आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप आडवा घ्या. फ्लडलाइटची यू पट्टी त्याला नट-बोल्टने कसा. सिमेंट-विटांच्या भिंतीत ६ मिमीचा ड्रिल आणि स्क्रू धरणारी गिट्टी पुरते. गावातल्या जुन्या दगड-मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, फिरत राहते. तिथे टाकीच्या स्टँडलाच मागून दोन उभे पाइप बोल्टने बांधा. दोन्ही प्रकारांत एक बारीक स्टीलची साखळी वेगळ्या हुकाला अडकवून प्रत्येक दिव्याच्या यू पट्टीतून घ्या. एक बोल्ट ढिला झाला तरी दिवा पाण्यात पडता कामा नये. आयपी६५ म्हणजे पाण्याचे फवारे सोसणारा, बुडवता येणारा नव्हे.

वायरिंगवर जरा थांबतो, कारण लोक नेमकं इथेच कंजुसी करतात. फ्लडलाइटसोबत फूटभर वायर येते, तीन तारांची. त्यातली हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार कापून दोन-पिनी टॉप लावू नका. बॉडी धातूची आहे, अर्थिंग हवंच. पुढची वायर तीन कोरची घ्या आणि जॉइंट टाकीच्या वर नको, बाजूला भिंतीवर बंद जंक्शन बॉक्समध्ये करा. नुसती टेप गुंडाळलेला जॉइंट वाफेने वर्षभरात काळा पडतो. छिद्र सिलिकॉनने बुजवणार असाल तर आंबट वासाचं नको. ते तांब्याला गंजवतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. बोर्ड पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावा, आणि शक्य नसेल तर वायरीला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. घरात ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, माणसाला बसणाऱ्या शॉकसाठी नाही. पाण्यात हात घालण्याआधी दिवा, फिल्टर, हीटर सगळं बंद.

टायमर घ्या, पण पिनांचा फिरता नको. वीज गेली की तो थांबतो. दोन तासांची वीज गेली की वेळ दोन तास मागे, आणि आठवड्याभरात दिवा मध्यरात्री पेटतो. बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारा डिजिटल टायमर घ्या. वेळ दुपारी चार ते रात्री दहा, सहा तास. तुम्ही घरी असता तेव्हा टाकी उजळलेली राहते आणि ऐन दुपारच्या उन्हात दिव्याची भर पडत नाही. इन्व्हर्टरवर दिव्याऐवजी एअर पंप ठेवा. दिवा चार तास बंद राहिल्याने काही बिघडत नाही, उन्हाळ्यात हवा बंद पडल्याने बिघडतं. खोलीतली ट्यूब आधी लावून मग टाकीचा दिवा पेटू द्या, अंधारातून एकदम उजेड झाला की मासे काचेवर आपटतात. रात्रभर निळा दिवा ठेवायची हौस सोडा, माशांनाही अंधार लागतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पश्चिमेची खिडकी दिसतेय. उघड्या उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो, टाकीचा दिवा त्याच्यापुढे काहीच नाही. संध्याकाळचं ऊन अर्धा तास जरी काचेवर येत असलं तरी टायमरचा हिशेब चुकतो. मागच्या आणि खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर लावा.

सध्याचं हिरवं पाणी घालवायला ४० टक्के पाणी बदला, दिवा बंद करा आणि टाकी सगळीकडून झाकून तीन पूर्ण दिवस अंधारात ठेवा. जाड सोलापुरी चादर दुहेरी करून टाकली की आत उजेड शिरत नाही. फक्त ती पाण्यात लोंबू देऊ नका, वात लावल्यासारखं पाणी जमिनीवर येईल. खाणं बंद, एअर पंप चालू. चौथ्या दिवशी पुन्हा ४० टक्के पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळ सडून अमोनिया तयार होतो. नंतर फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

नंतर रोज सहा तास, तीन आठवडे काहीही न बदलता. काचेवर हिरवे कडक ठिपके आले तर दिवा तीन इंच वर घ्या. झाडं लांबट, फिकट होऊन वरवर पळत असतील तर अर्धा तास वाढवा, आणि पुढचे दोन आठवडे बघून मगच आणखी अर्धा तास. आठ तासांच्या पुढे जाऊ नका.