फना, फन्ना आणि बाकी

सुफी कवितांच्या मराठी अनुवादाचे काम करणाऱ्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. सुफींचा 'फना' आणि आपण लाडवांचा उडवतो तो 'फन्ना' हे शब्द एकच आहेत का, आणि 'फना'साठी मराठीत 'निर्वाण' किंवा 'मोक्ष' असा शब्द वापरावा का?

पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे. अरबीत 'नाश पावणे, संपून जाणे' या अर्थाच्या धातूपासून 'फना' हे नाम आणि 'फानी', म्हणजे नाशवंत, हे विशेषण झाले. फारसीच्या वाटेने मराठीत येताना नाशाचा अर्थ तसाच राहिला आणि 'न' मात्र दुणावला. माझ्या मते हा सोबतीचा परिणाम असावा, कारण धुव्वा, फज्जा आणि फन्ना हे तिघेही 'उडवणे' याच क्रियापदाबरोबर नांदतात आणि तिघांतही जोडाक्षराचा ठोसा आहे. नागाच्या फण्याचा येथे काहीही संबंध नाही. तो शब्द संस्कृतातला आहे.

सुफी परिभाषेत मात्र हा शब्द एकटा येत नाही. कुराणाच्या ५५व्या सूरेतील २६ आणि २७ या आयतींत, पृथ्वीवर जे कोणी आहे ते नाश पावणारे आहे आणि उरते ते तुझ्या पालनकर्त्याचे मुख, असा आशय आहे. त्यातील नाशाच्या शब्दाशी 'फना' आणि उरण्याच्या शब्दाशी 'बका' ही संज्ञा जोडलेली आहे. या जोडीची मांडणी प्रथम करण्याचे श्रेय परंपरा नवव्या शतकातील बगदादच्या अबू सईद अल-खर्राज यांना देते. साधकाचे 'मी'पण ईश्वरात लोपते तो फना, आणि त्यानंतर ईश्वराच्या आधारानेच तो टिकून राहतो तो बका. आता हा 'बका' आपल्याला परका वाटेल. पण त्याच धातूचे 'बाकी' हे रूप आपण रोज दुकानाच्या वहीत लिहितो आणि शाळेत वजाबाकी म्हणून शिकतो. "डब्याचा फन्ना उडाला, बाकी काही उरले नाही" असे म्हणणारी गृहिणी नकळत सुफींचे दोन्ही शब्द एका वाक्यात वापरते, फक्त निष्कर्ष त्यांच्या उलट काढते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथूनच निघते. 'निर्वाण' या शब्दात दिवा विझण्याची प्रतिमा आहे, 'मोक्ष' या शब्दात बंधनातून सुटण्याची. शिवाय हे दोन्ही शब्द अंतिम स्थिती सांगतात, तर फना हा बकाच्या अलीकडचा टप्पा आहे. निशापूरचे फरिदुद्दीन अत्तार यांच्या पक्ष्यांच्या रूपककाव्यात शेवटची, सातवी दरी 'फक्र', म्हणजे निष्कांचनता, आणि 'फना' यांची आहे ('फकीर' हा याच फक्राचा धनी). ती ओलांडून पोहोचलेल्या तीस पक्ष्यांना, म्हणजे फारसीतील 'सी मुर्ग'ना, आपण शोधत होतो तो सीमुर्ग, म्हणजे पक्ष्यांचा राजा, आपणच असल्याचे दिसते. तेथे 'निर्वाण' लिहिले, तर पोहोचले कोण आणि पाहिले कोणी, हा प्रश्न अनुवादकाच्या गळ्यात पडतो.

जवळचा शब्दच हवा असेल, तर मी विलीन होण्याच्या अर्थाने 'लय' सुचवेन. त्याहून जवळची जागा आपल्याकडे शब्दात नसून तुकोबांच्या ओळीत आहे: "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां". येथे मरणारा आणि पाहणारा दोघेही आहेत. 'मरण्यापूर्वी मरा' हे सुफींमध्ये प्रचलित असलेले वचनही याच दिशेचे आहे. मात्र या साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही, एवढे भान टीप लिहिताना ठेवावे.

मूळ शब्दच ठेवायचा ठरवल्यास लिंगाकडे लक्ष द्यावे. मराठीतला फन्ना पुल्लिंगी आहे, तर उर्दूतली फना स्त्रीलिंगी. मराठी वाक्यात मी 'फना'ही पुल्लिंगीच चालवतो, जसा वर चालवला आहे, पण उर्दू शेर उद्धृत करताना त्यातले लिंग बदलू नये.