नॅशनल गेम्स: ३८ वेळा झाले, पण १०१ वर्षांत

ताई, आधी लेकीचं अभिनंदन. राज्याच्या खो-खो संभाव्य संघात नाव येणं म्हणजे काय असतं ते खेळलेल्यालाच कळतं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, की नॅशनल गेम्स म्हणजे खेलो इंडियाच का, हे कधीपासून चालू आहे आणि मधेच वर्षानुवर्षं गायब का होतं, आणि महाराष्ट्र पोतंभर मेडलं आणूनही पहिला नंबर आर्मीवाल्यांचा कसा. सवडीने लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या.

पहिलं पटकन. खेलो इंडिया वेगळं. ते २०१८ ला शालेय स्पर्धा म्हणून दिल्लीत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात यूथ गेम्स म्हणून झालं, ती पोराटोरांची वयोगटातली स्पर्धा. नॅशनल गेम्स म्हणजे राज्याविरुद्ध राज्य, सीनियर, आणि वयाने आजोबा शोभेल इतकी जुनी.

आता मूळ. लोक १९२४ पासून मोजतात ते बरोबर आहे, पण बी पडलं त्याच्या चार वर्षं आधी आणि तेही आपल्या पुण्यात. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शर्यती होत्या, दोराबजी टाटा तिथले अध्यक्ष, आणि त्यांनी बघितलं की गावाकडची पोरं अनवाणी पळतायत, नियम माहीत नाहीत, पण टायमिंग मात्र युरोपातल्या पळणाऱ्यांच्या आसपास. मग त्यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांना गळ घातली, खटपट करून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला टीम पाठवली. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनला १९ वे आले, कुस्तीत रणधीर शिंदे चौथे. चौथे म्हणजे मेडल हुकलं एका पायरीने! शाळेच्या पुस्तकात हे का नाही मला आजतागायत कळलेलं नाही, असो.

तर प्रश्न असा आला की पुढच्या वेळी पोरं निवडायची कशी? एका जिमखान्याच्या शर्यतीवरून देशाची टीम निवडता येत नाही. मग प्रांताप्रांतात ऑलिंपिक असोसिएशन उभ्या करायच्या आणि प्रांतांना आपसात भिडवायचं असं ठरलं, त्यासाठी मद्रासच्या वायएमसीएचे नोरेन म्हणून एक गृहस्थ गावोगाव फिरले. म्हणजे ही स्पर्धा मुळात ऑलिंपिकची ट्रायल होती, नावच 'इंडियन ऑलिंपिक गेम्स'. १९२७ ला इंडियन ऑलिंपिक असोसिएशन झाली, दोराबजी अध्यक्ष, त्यांच्यानंतर पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, आणि मग बराच काळ सूत्रं त्या घराण्यातच राहिली. आज जो पहिल्या नंबरला मिळतो तो राजा भालिंद्र सिंग करंडक त्याच घरातल्या माणसाच्या नावाचा.

त्या काळची यजमान गावं बघा, लाहोर, अलाहाबाद, मद्रास, दिल्ली, कलकत्ता, पतियाळा, आणि लाहोर तर परत परत येतं. १९४० ला मुंबईत झाली तेव्हा 'नॅशनल गेम्स' हे नाव पडलं. १९४६ ला पुन्हा लाहोर, आणि पुढची १९४८ ची लखनौला, म्हणजे दोन स्पर्धांच्या मधे फाळणी, आणि ज्या गावाने सगळ्यात जास्त वेळा ही स्पर्धा भरवली तेच गाव दुसऱ्या देशात. मला ही यादी वाचताना दरवेळी इथे अडखळायला होतं.

पन्नास-साठच्या दशकात गाडी बऱ्यापैकी वेळेवर चालली. १९५८ ला कटकला मिल्खा सिंगने २०० आणि ४०० मीटरचे राष्ट्रीय विक्रम केले आणि त्याच वर्षी एशियाड आणि कॉमनवेल्थला गोल्ड आणलं, म्हणजे तोवर ट्रायल हा मूळ हेतू जिवंत होता असं म्हणता येईल. मग १९७० ची कटक आणि त्यानंतर एकदम १९७९ ची हैदराबाद. नऊ वर्षं! त्यानंतर १९८५ ला दिल्लीत नव्या धर्तीवर, ऑलिंपिकसारख्या थाटात सुरू केली, तिथे एशियाडची स्टेडियमं तयार होतीच.

आणि इथेच तुमच्या 'गायब का होतं'चं उत्तर आहे. एकदा थाट आला की यजमान राज्याला स्टेडियम बांधणं आलं, आणि स्टेडियम बांधणं म्हणजे टेंडर, जागा, कोर्टकचेरी, निवडणूक, काय वाट्टेल ते. ठरलंय दर दोन वर्षांनी, प्रत्यक्षात १९२४ ते २०२५ मधे ३८ वेळा. रांचीची ३४ वी खरं म्हणजे २००७ ला व्हायची, पुढे पुढे ढकलत २०११ ला झाली. गोव्याचं तर आपण डोळ्यांनी बघितलं, ३६ वी त्यांना दिलेली, २०१६ चं नाव घेत घेत कोविडसुद्धा येऊन गेला, शेवटी ३६ वी गुजरातने २०२२ ला सहा शहरांत उरकली (ट्रॅक सायकलिंग तेवढं दिल्लीत) आणि गोव्याला २०२३ ला ३७ वी मिळाली. केरळची ३५ वी २०१५ ची, म्हणजे मधली सात वर्षं कोरडी. ज्या पोरांचं वय त्या सात वर्षांत विशीतून तिशीत गेलं त्यांना नॅशनल गेम्सचं मेडल नाही म्हणजे नाहीच, आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नाही.

पण स्टेडियमच्या नावाने नुसती बोटं मोडणाऱ्यातला मी नाही. १९९४ ला पुण्याची २८ वी झाली तेव्हा मी कॉलेजात होतो, व्हॉलंटियर. काम काय, तर हर्डल्स उचलून लायनीत ठेवणे. बालेवाडी म्हणजे तेव्हा गावाबाहेरचं रान, बसमधून उतरल्यावर आजूबाजूला शेतं आणि मधेच एवढं मोठं क्रीडासंकुल. सिंथेटिक ट्रॅक आमच्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदाच बघितला. आमच्या गटातल्या एका पोराने तर ट्रॅकवर पाय ठेवायच्या आधी देवळात काढतात तशा चपला काढल्या, आणि एक म्हातारे कोच उकिडवे बसून अंगठा दाबून बघत होते, किती दबतं, किती वर येतं, पीठ मळून झाल्यावर आई बघते तसं. दुपारी उन्हात त्या रबराचा एक वास यायचा, तो अजून नाकात आहे. जेवणाच्या पाकिटाची रोज बोंब असायची, पण तक्रार करायला वेळ कुणाला होता. त्या वर्षी आपण पहिले आलो. पुढे तिथेच २००८ चे यूथ कॉमनवेल्थ गेम्स झाले. १९९४ नसतं तर बालेवाडी म्हणजे नुसते टॉवर असते हे लिहून घ्या.

आता आर्मी. म्हणजे 'सर्व्हिसेस', तिन्ही दलांची मिळून एक टीम. राज्य नाही पण राज्यांच्या रांगेत उभी राहते. त्यांची पोरं सगळ्या देशातली, नोकरी पक्की, खाणंपिणं सरकारी, सराव हीच ड्यूटी. आणि गंमत म्हणजे त्यांची आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट आपल्या पुण्यातच! त्यात मेडल टेबल लावतात गोल्डवर, एकूण आकड्यावर नाही. उत्तराखंडला २०२५ मधे आपली मेडलं १९८ आणि त्यांची १२१, पण गोल्ड त्यांची ६८ आणि आपली ५४, की झाले ते पहिले. २००७, २०११, २०१५, २०२२ सलग तेच. मधे एकदाच, गोव्यात, आपण ८० गोल्ड धरून २२८ मेडलं मारली आणि करंडक घरी आणला, १९९४ नंतर पहिल्यांदा. काही लोक म्हणतात सर्व्हिसेसला वेगळं काढा. मला नाही पटत, त्यांना हरवून मिळालेल्या करंडकाची चव वेगळी लागते.

राहिला तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही शेवटी हळूच विचारलाय, की याचा पोरीला उपयोग काय. ऑलिंपिकची ट्रायल वगैरे आता राहिलेली नाही हे सरळ आहे, खो-खो ऑलिंपिकमधे नाहीच. मोठे स्टार कधी येतात कधी दांडी मारतात. पण खो-खो, मल्लखांब असल्या खेळांना एवढं मोठं स्टेज दुसरं कुठे आहे? मल्लखांब २०२२ ला गुजरातमधे पहिल्यांदा आला, गोव्यात रोल बॉल (स्केट घालून चेंडूने खेळतात तो) आला जो पुण्यातच जन्मला, लगोरीसुद्धा दाखवली. खो-खोत गुजरातला आपल्या मुलं-मुली दोन्ही टीम्सनी गोल्ड घेतलं, त्यामुळे राज्याच्या बारा-पंधरा जणींत घुसणंच अवघड, पुढचं मग सोपं वाटतं (वाटतं म्हणालो, असतं नाही). आणि टीम गेममधे साधारण सीनियर नॅशनलच्या (म्हणजे त्या-त्या खेळाची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा) वरच्या आठच टीम्स घेतात, तिथे महाराष्ट्राची काळजी नको.

दुसरं, नोकरी. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि तिथे सर्टिफिकेट चालतं, फोटो नाही. पडताळणी कडक असते. म्हणून आत्तापासून एक करा, प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट हातात पडलं की तिथल्या तिथे नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि तारखा आधारशी जुळवून बघा. माझ्या हाताखाली खेळलेल्या एका मुलीच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं होतं, ते दुरुस्त करायला आठ महिने आणि पाच हेलपाटे लागले, तोवर त्या भरतीची मुदत संपलेली. ३९ वी मेघालयला द्यायचं ठरलंय, २०२७ चं बोलतात. वेळेवर होईल का, ते वर लिहिलंच आहे. सीनियर नॅशनल चुकवू नका म्हणावं.