नानांना विचारा : व्यापार बुडाला, आता मन कसं उभं करू?

प्रश्न : नाना, नमस्कार. मी यावल तालुक्यातला, वय ३९. शेतकऱ्यांच्या केळीच्या बागा कापून उत्तरेतल्या एका आडत्याला गाड्या भरून पाठवायचो. बरीच वर्षं व्यवहार चोख होता. गेल्या उन्हाळ्यात त्याने पेमेंट अडवलं, मग फोनच बंद केला. आज माझ्या अंगावर शेतकऱ्यांचे साडेआठ लाख, बँकेच्या सीसीचे (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीची उचल) ४ लाख आणि गावातल्या एकाकडून महिना ३ टक्क्यांनी उचललेले २ लाख आहेत. भरपाई होईल म्हणून शेअर बाजाराच्या ऑप्शन्समध्ये उतरलो, तिथे आणखी सव्वा लाख घालवले. सध्या मेहुण्याच्या कृषी केंद्रावर १६ हजारांवर काम करतो. पहाटे चारला उठून यशाचे व्हिडिओ ऐकतो, भिंतीवर ‘मी कोट्यधीश होणार’ लिहिलंय. दोन दिवस जोर येतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पारावरून जात नाही, लग्नकार्याला बायकोला एकटीला पाठवतो. कधीकधी वाटतं, सुटलो तर बरं. कायम टिकणाऱ्या यशाची मानसिकता कशी घडवायची?

उत्तर : भाऊ, ‘सुटलो तर बरं’ ही ओळ मी आधी घेतो. हे बायकोला सांगितलंयस का? नसेल तर आज जेवणं झाली की सांग. तो विचार पुन्हा पुन्हा येत असेल तर १४४१६ वर फोन लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. त्यानंतर बाकीचं वाच.

मी नोकरीभर बँकेच्या वसुलीत होतो. चोपडा, रावेर, अमळनेर, पारोळा, सगळीकडे फिरलो. गल्लीत जीप वळली की ज्या घरातला दिवा मालवायचा, अशी घरं मला पाठ होती. आणि अशीही घरं होती, जिथे माणूस स्वतः ओट्यावर बाज टाकून म्हणायचा, “बसा साहेब. आज खिशात काही नाही, पहिली वेचणी झाली की येतो.” थकबाकी दोघांची सारखीच असायची. चोपड्याकडे एक कपाशीवाला होता. त्याच्या बंडीच्या खिशात लाल पुठ्ठ्याची छोटी वही असायची. भरणा कधी ३००, कधी ७००. बँकेची पावती दिली तरी त्या वहीत रकमेपुढे माझी सही मागायचा. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीत पीक गेलं, तेव्हाही महिन्याच्या महिन्याला येऊन ‘यंदा नाही’ एवढं सांगून जायचा. पुढे त्याच्या नव्या कर्जाचं प्रकरण आलं, तेव्हा मॅनेजरने सातबाऱ्याआधी ती वही मागून घेतली.

तुझं मन पैसे गेल्याने जेवढं खचलंय, त्याहून जास्त पारावर जाणं टाळल्याने खचतंय, असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटेच्या व्हिडिओने मिळालेला जोर संध्याकाळी रस्ता बदलताना संपतो. (तू तो व्हिडिओ बघितल्याचे पैसे बनवणाऱ्याला मिळतात, हेही असू दे ध्यानात.) भिंतीवरचा कागद काढ आणि तिथे शेतकऱ्यांची नावं लिही, प्रत्येकापुढे रक्कम. वाचायला जड जाईल. जाऊ दे.

आता हिशेब. ३ टक्क्यांवाल्याला महिन्याला ६ हजार व्याज जातं. सीसीचं वर्षाला १२ टक्के धरलं तर महिन्याला ४ हजार. म्हणजे १६ हजारांतले १० हजार व्याजातच गेले आणि मुद्दल जागच्या जागी. शेतकरी बिचारे एक पैसा व्याज मागत नाहीत, आणि तू तोंड लपवतोस ते त्यांच्यापासून!

तेव्हा पहिला नंबर ३ टक्क्यांवाल्याचा. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, ते तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था या कार्यालयात कळेल. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवाना नसताना हा धंदा करणं गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कोरा चेक किंवा सही केलेला स्टँप पेपर दिला असशील तर तेही तिथे सांग. भांडण नको असेल, आणि गावात राहायचं म्हणजे बहुतेक नकोच असतं, तर दुसरा मार्ग सोनं. बँकेत सोनेतारण साधारण महिना १ टक्क्याच्या आसपास पडतं. म्हणजे तेवढ्याच २ लाखांवर ६ हजारांच्या जागी २ हजार. फक्त दागिने बायकोचे आहेत. तिला सगळा हिशेब दाखव, ती हो म्हणाली तरच, आणि कर्ज तिच्या नावावर. ती नाही म्हणाली तर विषय संपला.

बँकेत स्वतः जा. सीसी ९० दिवसांहून जास्त नियमाबाहेर राहिली की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात जातं, मग मॅनेजरच्या हातात फारसं काही उरत नाही. त्याआधी हप्ते पाडून मिळतात का बघ. ‘सेटलमेंट करून टाका’, म्हणजे कमी रकमेवर मिटवा, असं कोणी म्हटलं तर लगेच मान डोलवू नकोस. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पूर्ण फेडलेलं खातं व हे खातं यांत पुढची बँक फरक करते.

मग शेतकरी. त्यांनी यायच्या आधी तू जा, एकेकाच्या घरी. केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैत येते, तेव्हा टिश्यूकल्चरच्या रोपांना, ठिबकला, खताला पैसा लागतो. ज्याच्याकडे दोन-अडीच एकरच आहे आणि ज्याची लागवड तोंडावर आहे, त्याच्यापासून सुरुवात कर. एखादा शिव्या देईल, खाऊन घे. मोठी तारीख देऊ नकोस. महिन्याला १ हजार जमत असतील तर १ हजारच बोल आणि त्या तारखेला उंबऱ्यात उभा राहा. ज्याची तारीख चुकणार असेल त्याला आदल्या दिवशी सांगून ये.

ऑप्शन्सचं अ‍ॅप मोबाईलमधून काढ. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. बुडालेला पैसा एका दमात काढायच्या घाईने आलेल्यांनाही तिथे वेगळा न्याय नाही.

केळी मात्र सोडू नकोस. तुला घड हातात घेतला की माल कळतो, ही विद्या आडत्या घेऊन गेलेला नाही. तू बुडालास कारण सगळ्या गाड्या एकाच माणसाला, त्याही उधारीवर. आता स्वतःचा पैसा न घालता काम धर. रावेर-सावदा पट्ट्यात आखाती देशांत जाणारा माल १३ किलोच्या खोक्यांत भरतात. तिथे बाग निवडणारा, कापणी आणि पॅकिंगवर उभा राहणारा भरवशाचा माणूस लागतो. मजुरी किंवा कमिशन, जे ठरेल ते, पण रोख. पुढे कधी स्वतःची गाडी भरलीस तर आधीच्या गाडीचं पेमेंट खात्यात आल्याशिवाय दुसरी भरायची नाही. रमजानच्या तोंडावर भाव चढतो आणि सगळे आडते गोड बोलतात, तेव्हा हा नियम मोडायचा मोह सगळ्यात जास्त होईल.

आणि पुढच्या लग्नाला बायकोबरोबर जा. कोणी विचारलंच, “काय भो, दिसत नाही आजकाल?” तर सांग, कृषी केंद्रावर आहे, देणं फेडतोय. पंगतीत बसून वरण-बट्टी खाऊन ये.

प्रश्न : नाना, आम्ही नंदुरबारचे. मिस्टरांचा लाल मिरचीचा व्यवसाय होता. अवकाळी पावसात पथारीवर सुकत घातलेला माल भिजून काळा पडला, मोठा फटका बसला. आता ते गाडी चालवायला जातात आणि धंद्याचं नाव काढू देत नाहीत. दीर म्हणतात, घाबरट झाला. मी त्यांना पुन्हा धंद्यात ढकलू का?

उत्तर : ताई, नको. दिरांना विचारा, भिजलेल्या मालातला त्यांचा वाटा किती होता? ज्याचं पोळलंय त्याला ठरवू द्या. माल ओला घेऊन उघड्यावर सुकवायचा, तर पाऊस ही त्या धंद्यातली नेहमीचीच जोखीम आहे, आणि ती मोजून माणूस मागे सरला असेल तर त्याला घाबरट म्हणत नाहीत. पुढे त्यांनी स्वतःहून विषय काढला तर निम्म्याच मालाचं बोला, आणि ताडपत्र्यांचा खर्च पहिल्या दिवसापासून भांडवलात धरा. गाडीच्या पगारात घर चालतंय ना? मग हे वर्ष जाऊ द्या, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुन्हा पत्र टाका.